वैमानिकाची आज्ञा आणि प्रवाशाचा हट्ट

विमानाचे दरवाजे बंद झालेले असतात, कमरेचे पट्टे आवळण्याची सूचना देऊन झालेली असते आणि विमान धावपट्टीच्या दिशेने सावकाश सरकू लागलेले असते. अशा वेळी विमानसेविका एखाद्या आसनापाशी थांबते आणि मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवण्याची किंवा मांडीवरचा लॅपटॉप मिटून आत ठेवण्याची विनंती करते. बहुतेक प्रवासी ती निमूटपणे ऐकतात. एखादा मात्र मान वर न करताच ‘एक मिनिट’ म्हणतो, दुसऱ्यांदा सांगितले की कपाळाला आठ्या घालतो आणि तिसऱ्यांदा सांगितले की, ‘या एवढ्याशा यंत्राने विमान पडणार आहे काय?’ असा सवाल करतो. हा सवाल उत्तरासाठी केलेला नसतो, विमानसेविकेला गप्प करण्यासाठी केलेला असतो. तरीही त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. एक तर तो पूर्णपणे खुळचट नाही. आणि दुसरे असे की, त्याचे नीट उत्तर अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे दिले नाही म्हणूनच तो पुनःपुन्हा विचारला जातो.

या हट्टाकडे पाहण्याची जगाची दृष्टीही एकसारखी राहिलेली नाही. १९९९ साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या न्यायालयाने, माद्रिदहून येणाऱ्या विमानात वारंवार सांगूनही मोबाइल बंद न करणाऱ्या एका प्रवाशाला विमान धोक्यात आणल्याबद्दल बारा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. त्यानंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, लॉस एंजल्सच्या विमानतळावर अ‍ॅलेक बाल्डविन या हॉलिवूडच्या प्रसिद्ध नटाने फोनवरील शब्दांचा खेळ थांबवण्यास नकार दिला आणि त्याला विमानातून उतरवण्यात आले. त्याने काही दिवसांतच दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात वैमानिकाचा वेष चढवून स्वतःचीच क्षमा मागून घेतली आणि प्रेक्षक पोट धरून हसले. अपराध एकच, पण एका ठिकाणी त्याला तुरुंग आणि दुसऱ्या ठिकाणी टाळ्या. या दोहोंपैकी कोणती प्रतिक्रिया योग्य, हे ठरवायचे तर मुळात हा नियम आला कोठून, हे पाहावयास हवे.

नियमाचा जन्म

या नियमाचे मूळ मोबाइलमध्ये नाही. ते १९६०च्या सुमारास बाजारात आलेल्या, खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या रेडिओमध्ये आहे. एफएम रेडिओची केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकू येतात. परंतु केंद्र पकडण्यासाठी रेडिओच्या पोटात एक लहानसा आंदोलक असतो आणि तो त्या केंद्राच्या वारंवारतेहून साधारणतः १०.७ मेगाहर्ट्झ अधिक वारंवारतेच्या लहरी निर्माण करतो. म्हणजे श्रोता १०० मेगाहर्ट्झवरचे गाणे ऐकत असला की त्याच्या हातातील पेटी ११०.७ मेगाहर्ट्झवर स्वतःच एक क्षीण प्रक्षेपण करीत असते. आता योगायोग असा की, वैमानिकाला दिशा दाखवणारी ‘व्हीओआर’ ही यंत्रणा १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ याच पट्ट्यात काम करते. त्या वेळच्या विमानांतील तारांना आजच्यासारखे संरक्षक आवरण नव्हते आणि दिशादर्शक काट्यावर वैमानिकाची सारी भिस्त होती. अमेरिकेतील तंत्रज्ञांच्या समितीने १९६३ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला आणि पुढे नियम झाला. त्यातून श्रवणयंत्र, हृदयाची गती राखणारे यंत्र आणि विजेवर चालणारा दाढीचा वस्तरा अशा मोजक्या वस्तूंना सूट होती. बाकी कोणते यंत्र निर्धोक आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर टाकलेली होती.

पुढे मोबाइल आला. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ साली आकाशात त्याचा वापर करण्यास बंदी घातली; पण ती विमानाच्या काळजीने नव्हे. जमिनीवरचा मोबाइल एका वेळी जवळच्या दोनचार मनोऱ्यांशीच बोलतो. हजारो फूट उंचीवरून त्याला एकाच वेळी असंख्य मनोरे ‘दिसतात’ आणि जमिनीवरची व्यवस्था गोंधळते, हे त्या बंदीचे कारण होते. प्रवाशांना मात्र हे कोणी सांगितले नाही. त्यांच्या कानावर सगळीकडे एकच सरसकट वाक्य पडत राहिले: उपकरणांमुळे विमानाच्या यंत्रणेत बिघाड होतो.

आणि नेमके हेच वाक्य पुढे नियमाच्या मुळावर आले. दर उड्डाणात कोणाचा ना कोणाचा फोन खिशात चालूच राहून जात असणार, हे साध्या तर्काने कळण्यासारखे होते. विमाने सुखरूप उतरत होती. २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्या, वैमानिक, विमानसेविका, प्रवासी आणि उपकरणांचे उत्पादक अशा सर्वांची समिती नेमली. बहुतेक आधुनिक विमाने या उपकरणांच्या लहरी सहज सोसू शकतात, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस दारापासून दारापर्यंत लहान उपकरणे वापरण्याचा मार्ग तेथे मोकळा झाला. युरोपने त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीच वाट धरली. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४ मध्ये ‘फ्लाइट मोड’च्या अटीवर तशी मुभा दिली, आणि २०२० मध्ये तर विमानातच वाय-फायची सेवा देण्यासाठी १९३७ च्या विमान नियमांत दुरुस्ती करण्यात आली. तेव्हा काल जे जीवघेणे होते ते आज निर्धोक कसे झाले, असे एखाद्याने विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

शंका आणि सिद्धता

तथापि येथे एक तर्कदोष होतो आणि तो सुशिक्षितांकडूनच अधिक होतो. नियम सैल झाला, म्हणून तो पहिल्यापासून खोटा होता, असा अर्थ त्यातून निघत नाही. नियम सैल झाला तो विमानांची तपासणी होऊन, तारांना आवरणे चढून, उपकरणांच्या लहरी मोजून. ही सूट सुद्धा बिनशर्त नाही. दाट धुक्यात केवळ यंत्रांच्या आधारे विमान उतरवायचे असेल तर सर्व उपकरणे पूर्ण बंद करण्यास सांगण्याचा वैमानिकाचा अधिकार अमेरिकेच्या त्या निर्णयातही राखून ठेवलेला होता. अशी वेळ शंभरांतून एखाद्या उड्डाणावर येते, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपले उड्डाण त्या नव्व्याण्णवांतले आहे की उरलेले एक, हे खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला कसे कळावे?

लहरींची बाधा ही निव्वळ भाकडकथा आहे, असेही नाही. न्यूझीलंडमध्ये जून २००३ मध्ये ख्राइस्टचर्चजवळ एक लहान विमान धावपट्टीपूर्वीच कोसळले आणि वैमानिकासह आठ जण मरण पावले. अखेरच्या काही मिनिटांत खुद्द वैमानिकाचाच मोबाइल जोडलेला होता आणि त्यामुळे दिशादर्शक यंत्राने चुकीचे दर्शन घडवले असण्याची शक्यता तेथील चौकशी आयोगाने नाकारली नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ‘फाइव्ह-जी’ सेवा सुरू होण्याच्या वेळी तर जगभर धावपळ उडाली. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि नवी सेवा त्याच्या शेजारच्या, ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात येत होती. एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी अमेरिकेकडे जाणारी काही उड्डाणे रद्द केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भारताच्या दूरसंचार विभागानेही धावपट्टीच्या टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत या सेवेचे मनोरे उभारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. तेथे प्रश्न मनोऱ्यांचा होता, प्रवाशाच्या फोनचा नव्हता, हे खरे. परंतु लहरींच्या शेजारधर्माची चिंता करणारे लोक अडाणी नव्हेत, एवढे तरी त्यावरून दिसावे.

विमान वाहतुकीचे सारे शास्त्र एका तत्त्वावर उभे आहे. एखादी गोष्ट धोकादायक असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती चालू द्यायची, हा तेथला न्याय नव्हे. ती सुरक्षित असल्याचे सिद्ध होईपर्यंत थांबायचे, हा न्याय आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. विमानात तो प्रवाशांच्या प्राणांना मिळतो. शंभर वेळा फोन चालू राहूनही काही झाले नाही, हा युक्तिवाद रेल्वेचे फाटक बंद असताना खालून वाकून जाणाऱ्याचा युक्तिवाद आहे.

दुबई आणि हानेदा

परंतु लहरींचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. त्या सूचनेचे खरे कारण आज बहुतांशी वेगळे आहे आणि तेच प्रवाशांना कमी ठाऊक आहे. विमानाचे अपघात बहुधा आकाशात उंचावर होत नाहीत, ते उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या मोजक्या मिनिटांत होतात. म्हणूनच अमेरिकेत १९८१ पासून दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलू नये, असा नियम आहे. जी मिनिटे वैमानिक गप्पा सोडून सावध बसतो, त्याच मिनिटांत प्रवाशानेही कान उघडे आणि हात मोकळे ठेवावेत, एवढीच अपेक्षा आहे. मांडीवरचा लॅपटॉप जोराच्या धक्क्यानिशी पुढच्याच्या डोक्यावर आदळणारा धोंडा होतो. कानात गाणी चालू असतील तर ‘बाहेर पडा’ हा पुकारा ऐकू येत नाही. चार्जरची तार आसनापासून वाटेपर्यंत लोंबत असेल तर धुरात पहिला पाय तीतच अडकतो.

मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी, निम्मी दारे बंद ठेवूनही सर्व माणसे नव्वद सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवून द्यावे लागते. हा हिशेब माणसे सूचना पाळतात असे गृहीत धरून केलेला असतो. ती पाळली नाहीत तर काय होते, याची दोन चित्रे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत.

पहिले चित्र ३ ऑगस्ट २०१६ चे. तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईच्या धावपट्टीवर कोसळून घसरत गेले. त्यात २८२ प्रवासी होते आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. विमानात धूर भरत असताना कोणीतरी फोनवर टिपलेली दृश्ये पुढे जगभर पाहिली गेली. विमानसेविका ‘सामान सोडा, उडी मारा’ म्हणून ओरडत आहेत आणि प्रवासी डोक्यावरचे कप्पे उघडून पिशव्या काढीत आहेत, लॅपटॉपची आठवण करीत आहेत. सुदैवाने विमानातील तीनशेही माणसे वाचली. पण विमान थांबून दहा मिनिटेही झाली नव्हती तोच इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवणारा एक तरुण जवान प्राणास मुकला. वाचलेल्यांचे सुदैव किती थोडक्या मिनिटांचे होते, हे त्या स्फोटाने दाखवले.

दुसरे चित्र २ जानेवारी २०२४ चे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी कर्णे हाती घेऊन आणि घसा फोडून सूचना दिल्या. आठांपैकी केवळ तीन दारे वापरण्याजोगी उरली होती. प्रवाशांनी सामानाला हात लावला नाही, सांगितलेल्या दारानेच ते बाहेर पडले आणि ३७९ च्या ३७९ वाचले. त्यानंतर ते विमान जळून खाक झाले. जपानी माणसाची चामडी आगीला अधिक सोसते, असे नाही. त्याने सांगितलेले ऐकले, हाच काय तो फरक.

आता असे म्हणता येईल की, जळत्या विमानात मीही ऐकेन. पण धावपट्टीकडे निवांत सरकणाऱ्या विमानात फोन ठेवण्याचा हट्ट कशाला? याचे उत्तर शिक्षकांना सांगावयास नको. ऐकण्याची सवय ही ऐन प्रसंगी उसनी आणता येत नाही. ज्या वर्गात रोजची हजेरी दंगा करीत होते, त्या वर्गाला आग लागल्या दिवशी रांगेत बाहेर नेता येत नाही. ‘पट्टा आवळा, खिडकीची झडप वर करा, लॅपटॉप ठेवा’ या बारीकसारीक सूचनांतून ज्या कर्मचाऱ्यांचा शब्द प्रवाशांच्या मनावर बसलेला असतो, त्यांचाच शब्द धुरात चालतो.

खिशातली आग

दरम्यान या उपकरणांनी एक नवाच धोका विमानात आणला आहे. तो लहरींचा नाही, विजेच्या साठ्याचा आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक या सर्वांत लिथियमची बॅटरी असते. ती आतून बिघडली, चेपली किंवा अतोनात तापली की एका घटातील उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी आपली आपणच चालू राहते. ज्वाळा विझल्या तरी पोटातली उष्णता शमत नाही; भरपूर पाणी ओतून तिला थंड करावे लागते. म्हणूनच पॉवर बँक सामानाच्या कोठारात पाठवू नका, जवळ ठेवा, असे सांगितले जाते; कारण कोठारातली आग कोणाला दिसत नाही आणि जवळची निदान विझवता येते. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन हलवू नका, आम्हाला बोलवा, या सूचनेमागेही हेच कारण आहे. आसनाच्या यंत्रात चेपलेला फोन पेटल्याची उदाहरणे आहेत.

हा धोका कागदावरचा नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानांतून अशा बॅटऱ्यांची मालवाहतूक आंतरराष्ट्रीय संघटनेने थांबवली. त्याच वर्षी सॅमसंगच्या एका फोनवर तो पेट घेतो म्हणून विमानबंदी आली. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात मागच्या बाजूच्या कप्प्यात आग लागली. १७६ माणसे घसरगुंड्यांवरून कशीबशी उतरली आणि विमानाचे छप्पर जळून गेले. पॉवर बँकेतील बिघाडाने ती लागली असावी, असे तपासात दिसून आले. हे विमान नियोजित वेळेनुसार सुटले असते तर ही आग आकाशात लागली असती. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली, आणि सिंगापूर एअरलाइन्स व एमिरेट्स यांनी विमानात तिचा वापर करण्यासच बंदी घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानातही, ते जमिनीवर सरकत असताना, एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. विमानसेविकांनी ती वेळीच विझवली. अशा वेळी ‘माझी वस्तू मी कोठे ठेवायची ते मी ठरवीन’ हे म्हणणे, माझ्या घरातील शेगडी मी पेंढ्याच्या गंजीशेजारी ठेवीन, असे म्हणण्यासारखे आहे. गंजी पेटली तर आग घराचा मालक कोण हे विचारीत नाही.

आज्ञेचा अधिकार

उड्डाणात असलेल्या विमानाला ना पोलीस ठाणे असते, ना न्यायालय. म्हणून १९६३ च्या टोकियो कराराने विमानाच्या कप्तानाला सुरक्षिततेसाठी आज्ञा देण्याचा, प्रसंगी प्रवाशाला जखडून ठेवण्याचा आणि उतरवून देण्याचा अधिकार दिला. भारताने १९७५ मध्ये त्यासाठी कायदा केला. विमानसेविका जे सांगते ते या कप्तानाच्या वतीने सांगते. तिची सूचना हा सल्ला नसतो, ती आज्ञा असते. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच. चहा आणून देणारी व्यक्ती आपल्याला आज्ञा कशी देऊ शकते, हे आपल्या सरंजामी मनाला उमगत नाही. तिकिटाच्या पैशात विमानाबरोबर तिचेही मौन विकत घेतले आहे, अशी काहींची समजूत असते. आणि ती स्त्री असल्यामुळे हा ताठा दुणावतो. सप्टेंबर १९८६ मध्ये कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांच्या गोळ्यांपुढे उभी राहून प्रवाशांना बाहेर काढताना ज्या नीरजा भनोटने प्राण दिले, ती मुंबईत राहणारी विमानसेविकाच होती आणि तिचे वय पुरते तेवीसही नव्हते. अशोकचक्र तिला चहा देण्यासाठी मिळालेले नाही.

एस.टी.च्या गाडीत वाहकाने एक घंटा दिली की गाडी थांबते आणि दोन दिल्या की सुटते. त्या घंटेवर कोणी वाद घालीत नाही. वाहकाने उद्धटपणा केला तर आगारात तक्रार होते. पण त्यासाठी चालत्या गाडीत दोरी कोणी आपल्या हाती घेत नाही. विमानालाही हाच न्याय आहे. आज्ञा आता पाळावी, तक्रार खाली उतरल्यावर करावी. नियम अयोग्य असेल तर तो बदलावा. परंतु तो बदलण्याची जागा समिती, संसद, न्यायालय आणि वृत्तपत्र ही आहे, विमानातली चौदावी रांग नव्हे. २०१३ चा बदल हा हट्टी प्रवाशांनी घडवलेला नाही. तो मोजमाप करणाऱ्या तंत्रज्ञांनी घडवला, हे विसरता कामा नये.

या बाबतीत वृत्तपत्रसृष्टीनेही आपले तोंड आरशात पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये चंडीगडहून मुंबईला येणाऱ्या विमानात एका अभिनेत्रीची छबी टिपण्यासाठी पत्रकार आणि छायाचित्रकारांनी कॅमेरे व फोन परजीत गर्दी केली. तीही साथीच्या ऐन काळात, अंतर राखण्याच्या सूचना कानाआड करून. दुसऱ्याला शिस्त शिकवणाऱ्यांनी तो देखावा निर्माण केला. अखेर विमानात असे प्रकार घडल्यास त्या मार्गावरील उड्डाणे थांबवण्याची तंबी महासंचालनालयाला द्यावी लागली.

हा प्रश्न वाढता आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये दर ५६८ उड्डाणांमागे बेशिस्तीची एक घटना घडली, २०२३ मध्ये दर ४८० उड्डाणांमागे एक. सूचना न पाळणे हा त्यांतील नेहमीचा प्रकार आहे. आपल्या देशात २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांतून सोळा कोटींहून अधिक प्रवास झाले. रजा प्रवास सवलतीवर प्रथमच विमानात पाऊल ठेवणारे कारकुनाचे कुटुंब त्यात आहे, परीक्षेला निघालेला विद्यार्थीही आहे. विमानाला आता उंची कापडाचा वर्ग उरलेला नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. बेशिस्तीचा दोष या नवख्या प्रवाशांच्या माथी मारण्याची एक पद्धत पडली आहे. ती अन्यायाची आहे. नवखा प्रवासी घाबरून का होईना, सूचना कान देऊन ऐकतो. महिन्यातून चार वेळा उडणाऱ्यालाच आपल्याला सारे ठाऊक असल्याचा भ्रम होतो.

सत्तेचे कर्तव्य

मात्र आज्ञापालनाचा हा उपदेश एकतर्फी राहिला तर तो अर्धाच ठरेल. आज्ञा देणाऱ्यांचेही काही ऋण आहे. पहिले ऋण सत्याचे. लहरींचे कारण क्षीण झाल्यावरही तेच घोकत राहायचे आणि सावधपणाचे, धक्क्याचे, आगीचे खरे कारण सांगायचेच नाही, याने प्रवासी सुरक्षित होत नाही. तो अश्रद्ध होतो. एका नियमाचे कारण पोकळ ठरले की त्याला सारेच नियम पोकळ वाटू लागतात. उड्डाणापूर्वीची सूचना दोन वाक्यांनी वाढली तरी चालेल, पण तिच्यात ‘का’ याचे उत्तर असावे. आणि ते प्रवाशाला कळेल अशा भाषेत असावे. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानात मराठीत सूचना ऐकू येणे हा भाषाभिमानाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

दुसरे ऋण समानतेचे. नियम वैमानिकालाही लागू असतो. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत दोन वैमानिक आपापल्या लॅपटॉपमध्ये इतके गढून गेले की मिनिआपोलिस हे उतरण्याचे शहर मागे टाकून विमान सुमारे दीडशे मैल पुढे गेले. त्यांचे परवाने काढून घेण्यात आले. मे २०१० मध्ये सिंगापूरला उतरणाऱ्या एका विमानाचा कप्तान मोबाइलवरील संदेशांत गुंतला, चाके वेळेवर खाली आली नाहीत आणि उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर न्यावे लागले. या दोन्ही घटनांची चौकशी झाली, ती प्रसिद्ध झाली, हे महत्त्वाचे. आपल्याकडे नियमाची धार मोठ्या माणसापाशी आली की बोथट होते. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खासदाराने एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि ते अभिमानाने सांगितलेही. त्यांच्यावर घातलेली प्रवासबंदी पंधरवड्यातच उठली. ज्या देशात लोकप्रतिनिधी असे वागतो, तेथे पाचव्या रांगेतल्या व्यापाऱ्याने फोन बंद करावा, असे विमानसेविकेने कोणत्या तोंडाने सांगावे?

तिसरे ऋण न्यायाचे. त्या प्रकरणानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या नियमावलीने बेशिस्तीच्या तीन पायऱ्या ठरवल्या. शाब्दिक उद्दामपणाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्याला किमान दोन वर्षे बंदी, असे तिचे स्वरूप होते. निर्णय कंपनीच्या समितीने द्यायचा. पण त्या समितीचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा आणि त्यावर अपील असावे, अशी तरतूद तिच्यात होती. ही तरतूद मोलाची आहे. कारण विमान पाच तास उशिरा सुटल्याबद्दल जाब विचारणाऱ्या त्रस्त प्रवाशालाही ‘बेशिस्त’ हे बिरूद चिकटवण्याचा मोह कंपनीला होऊ शकतो. सुरक्षिततेची आज्ञा आणि कंपनीची सोय या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीसाठी मुकाट ऐकावे. दुसरीसाठी भांडावे, आणि लेखी भांडावे. हा विवेक प्रवाशाने जसा ठेवायचा, तसा कंपनीनेही ठेवला पाहिजे.

लोकशाहीत प्रश्न विचारण्याची सवय मोडावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रश्न विचारणे आणि सूचना न मानणे यांत अंतर आहे. प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबतो. न मानणाऱ्याला उत्तराची गरजच नसते. शिवाय आपल्या घरी, आपल्या जिवावर केलेल्या हट्टाची किंमत आपण मोजतो. विमानात ती शेजारच्या आसनावरची म्हातारी आणि मागच्या रांगेतले तान्हे मूल यांना मोजावी लागते, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. ज्या दिवशी विमान कंपन्या सूचनेचे खरे कारण स्वच्छ शब्दांत सांगू लागतील आणि खासदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना ती सारखीच लागू करतील, त्या दिवशी हट्टी प्रवाशाकडे कोणतीही सबब उरणार नाही. तोपर्यंतही शहाण्या माणसाने विमानसेविका आसनापाशी आली की फोन खाली ठेवावा. शंका असेल तर ती जरूर लिहून पाठवावी. पण विमान सुखरूप उतरल्यावर.